खांबाची गाय

तबेल्यात जनावराला नाव नसतं, जागेला असतं. दाराशी बांधलेली ती दाराची. नळाजवळची ती नळाची. भिंतीला लागून असेल ती भिंतीची. दाराची आज वैरण खात नाही असं कोणी ओरडलं की गडी बरोबर त्याच म्हशीपाशी जातात. उद्या तिला सोडून भिंतीला बांधली की ती भिंतीची झाली, आणि दाराशी जी येईल ती दाराची. गावाला आमच्या गोठ्यात चार जनावरं होती, चौघांना नावं होती. इथं एवढी शिंगं, नावं कोण ठेवणार? आणि ठेवलीच, तर दूध आटल्यावर तिला ट्रकमध्ये चढवताना हाक कशी मारणार?

मी दुसरी शिकलेला माणूस. बाप गिरणीत होता, मालवणाकडून आलेला. गिरणी गेली, मग मी बरीच वर्षं चारकोपच्या एका गाळ्यात मशीनवर काढली. तिथून सुटलो आणि गाय घेतली. सकाळी गाय घेऊन गोरेगावला एका देवळाबाहेर बसतो. लोक गवताची जुडी घेतात, गाईला भरवतात, तिच्या पाठीवरून हात फिरवून तो कपाळाला लावतात आणि ऑफिसला पळतात. संध्याकाळी गाय परत तबेल्यात. जागा तबेलेवाल्याची, गाय माझी.

मुलगा बोरिवलीला मोठ्या बिल्डिंगमध्ये राहतो. त्याला हे आवडत नाही.

"बाबा, तुम्ही देवळाबाहेर बसता, लोक काय समजतील?"

"लोकांना सांग, गवत घ्या."

"इकडे या ना राहायला. एक खोली रिकामी आहे. आता गाय गेली तर दुसरी घेऊ नका हां."

ते शेवटचं वाक्य तो प्रत्येक वेळी बोलायचा. पहिली गाय म्हातारी होऊन गेली तेव्हा मी त्याला कळवलंसुद्धा नाही, लगेच दुसरी बघितली. ही दुसरी घेताना हातातलं सगळं घातलं. तिसरी होणार नव्हती. ही गेली की मला आणि आमच्या हिला पिशव्या भरून त्या रिकाम्या खोलीत जायचं होतं, आणि सुनेनं वाढलं तेव्हा जेवायचं होतं. सून वाईट नाही. पण मी जन्मात कोणाच्या वाढण्याकडे बघत बसलेलो नाही.

आमचा जुना तबेला जोगेश्वरीला होता, तो बिल्डिंगसाठी पाडला. म्हणून पाऊस संपता संपता मी या तबेल्यात आलो. हा गोरेगाव पूर्वेला, हायवेच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. मागच्या भिंतीला लागून शूटिंगचा स्टुडिओ. भिंतीपलीकडे कधी लग्न लागतं, कधी पोलीस येतात, कधी दिवसाढवळ्या पाऊस पाडतात. आपल्याला दिसत काही नाही, नुसतं ऐकू येतं. आणि तेच तेच पुन्हा ऐकू येतं. एकच बाई एकच वाक्य सकाळभर बोलते. म्हशींना सवय झालेली आहे. मला झाली नाही.

तबेलेवाला म्हणाला, "काका, नळाची घेऊन जा. गरीब आहे, माणसांत उभी राहील."

तांबडी, लांब कानांची. तशा तिथं आणखी काही गाई होत्या, सगळ्या एकाच अंगाच्या. हिचा उजवा कान तेवढा फाटलेला. कानातला पिवळा बिल्ला गव्हाणीला अडकून कधीतरी ओढला गेला असणार. मी तिच्या डोळ्यांत बघितलं, दात बघितले, पाठीवर थाप मारली. उभी राहिली. घेतली. नळाजवळ चिखल फार, म्हणून मी तिच्यासाठी दाराची जागा मागून घेतली. झाली दाराची.

पहिल्याच संध्याकाळची गोष्ट. देवळाहून आलो. दारात तिचं दावं खाली टाकलं आणि नळावर पाय धुवायला गेलो. परत बघतो तर गाय जागेवर नाही. आत अंधारलेलं होतं, पत्र्याखाली पिवळा दिवा. दोन्ही बाजूंना म्हशींच्या रांगा, मधून गल्ली. त्या गल्लीतून ती चालत अगदी मागच्या टोकाला गेली होती. तिथं छपराला आधार दिलेला एक लोखंडी खांब आहे, स्टुडिओच्या भिंतीजवळ. गंजलेला, खाली जनावरांनी अंग घासून गुळगुळीत झालेला. ती त्या खांबाला कपाळ लावून उभी होती. अंग घासत नव्हती. नुसती कपाळ टेकून, कान खाली सोडून उभी. आणि त्या खांबाला जी गाय बांधलेली होती, ती तिच्यासाठी बाजूला सरकली होती. दावं ताणून, मान वाकडी होईपर्यंत.

मी ओढून आणली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी दावं हातात ठेवलं तर ती दारात पाय रोवून मागं बघत राहायची.

गड्यांनी ते पाहिलं आणि त्यांचे चेहरे उतरले. मग मला खांबाची गोष्ट कळली. पावसाआधी लाळ-खुरकुताची लस द्यायला सरकारी माणसं आली होती. सगळ्या जनावरांना सुई दिली. सुई दिल्यावर थोड्याच वेळात खांबाची गाय सुजली. तोंड, डोळे, गळा सगळं सुजलं, आणि ती पडली. वाचली कशीबशी. पण तिथले गडी त्या दिवसापासून खांबाकडे नीट बघत नव्हते. शंभर जनावरांना तीच लस, त्याच पेटीतली, मग खांबाचीलाच का? म्हणजे जागाच खराब. त्यांनी खांबाला लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या. जी गाय तिथं बांधायची तिच्या पायात काळा दोरा. त्या दिवशी तिची धार काढायला बसलेला गडी तर घाबरून गावाला निघून गेला होता, तो पाऊसभर आलाच नाही.

मी हसलो. म्हटलं, "खांब आहे तो. लोखंडाचा."

"काका, हसू नका. तुमची गाय त्याला बघते ना, तो तिला बोलावतो."

"बोलावू दे. दावं माझ्या हातात आहे."

आमची ही एकदा दुपारचा डबा घेऊन देवळाशी आली आणि संध्याकाळी माझ्याबरोबर तबेल्यापर्यंत आली. तिनं ते पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, ती गाय त्या खांबाकडे जाता कित्याक?"

"तिला विचार."

"माका भय वाटता. गावाक असतो तर कोणाक तरी दाखवला असता. ह्या बरा नाय."

"तुला सगळ्यातच भय वाटतं."

"तुमचा डोक्या म्हंजे जांभो दगड."

मी ऐकलं नाही. रोज ओढून आणायचो आणि दाराशी बांधायचो. पण खरं सांगतो, खांबापाशी जाऊन तिचं दावं उचलताना मी आजूबाजूला बघत नसे. तबेला कधी गप्प नसतो. साखळ्या वाजतात, रवंथ चालू असतो, कुठंतरी शेण पडतं. ती खांबाला कपाळ लावून उभी असली की तेवढ्या कोपऱ्यातल्या साखळ्या वाजायच्या नाहीत.

मग लसीची वेळ परत आली.

तबेलेवाल्यानं आदल्या दिवशी सांगितलं, उद्या दुपारी डॉक्टर येणार, गाय लवकर आण. सकाळी देवळाशी बसलो तर गाय गवत घेईना. रोज येणारी एक बाई आहे, शाळेत शिकवते, तिनं जुडी तोंडाशी धरली तर हिनं मान फिरवली.

"आजोबा, हिला बरं नाहीये का? अंग बघा कसं थरथरतंय."

माशी नव्हती, ऊन अंगावर नव्हतं. कातडी मात्र थरथरत होती, पाण्यावर वारा येतो तशी. मी कानाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. तोंडाला फेस नाही, खुराला जखम नाही. तबेला तिथून किती लांब, डॉक्टर अजून घरातून निघालेलीही नसेल. गाईला कोणी सांगितलं की आज सुई आहे? मला याचं उत्तर आजपर्यंत मिळालेलं नाही. बसल्या बसल्या थापा मारायची मला सवय नाही, म्हणून जे पाहिलं तेवढंच सांगतो.

दुपारी तबेल्यात पोचलो तेव्हा आमची ही आधीच येऊन बसली होती, पदर डोक्यावरून घेऊन. पाऊसभर गावाला राहिलेला तो धार काढणारा गडीही आदल्या दिवशी परत आला होता. उंच, वाळलेला, मिशा पांढऱ्या झालेला. त्याला मी पहिल्यांदाच पाहत होतो. तो खांबापासून जेवढं लांब राहता येईल तेवढं लांब उभा होता.

डॉक्टरीणबाई स्कूटरवरून आली. तरुण, केसाला रुमाल बांधलेला, खांद्याला निळी बर्फाची पेटी. या भागात नवी होती. तिनं पेटी खाली ठेवली आणि गाईनं मागं एक पाऊल घेतलं. झाकण अजून उघडलेलं नव्हतं.

बाईनं आधी सगळ्यांना गोळा केलं. "गाभण कोणत्या? शेवटच्या महिन्यातल्या बाजूला सांगा. ताप असलेली, आजारी? आणि मागच्या वेळी लसीनं कोणाला त्रास झाला होता? सूज आली, पडली, असं काही?"

सगळ्यांनी एकदम हात दाखवले. "खांबाची!"

"कोणी पाहिलं होतं?"

वाळलेला गडी पुढं आला. "मी. मी धार काढत होतो. खांबाचीच."

"नक्की?"

"बाई, मी तो दिवस मरेपर्यंत नाय विसरणार."

तबेलेवाल्यानंही मान हलवली. "खांबाचीच. मी पण होतो."

"मग तिला आज लस द्यायची नाही," बाई म्हणाली. "तिचं मी नंतर बघते. आणि मी सगळ्यांना देऊन झालं की लगेच जाणार नाही, इथंच थांबणार. कोणाचं काही वेगळं दिसलं, डोळा सुजला, लाळ गळाली, धाप लागली, तर मला हाक मारायची. आपण होऊन काही पाजायचं नाही."

कोणी खोटं बोललं नव्हतं. बाईनं विचारायचं ते विचारलं, त्यांनी पाहिलेलं ते सांगितलं. खांबाला बांधलेली ती गाय, पायात काळा दोरा, सुईवाचून सुटली आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

मग बाई रांगेनं निघाली. सुई बदलत, मानेवर टोचत. माझ्या गाईशी आली तेव्हा कान बघून म्हणाली, "बिल्ला कुठंय हिचा?"

"फाटला कान तेव्हा पडला असेल. मी घेतली तेव्हापासून नाही."

"नवा मारते." दुसऱ्या कानात बिल्ला मारला. "त्रास काही आहे का हिला?"

"सकाळपासून थरथरतेय. ताप नाही."

तिनं थर्मामीटर लावलं, ताप नव्हताच. छातीला नळी लावून ऐकलं. "घाबरलीय. आजोबा, तुम्ही शिंगं धरा."

मी शिंगं धरली. सुई गेली. गाईनं आवाज केला नाही. माझ्याकडे बघत राहिली.

सगळी जनावरं झाली. चहा आला. भिंतीपलीकडे त्या दिवशी कोणाच्या तरी मरणाचं शूटिंग चालू होतं. एक बाई हंबरडा फोडायची, "मला सोडून कुठं गेलास" म्हणायची, मग एकदम बंद. कोणीतरी पुरुष काहीतरी बोलायचा. पुन्हा तोच हंबरडा, तेवढाच लांब, तिथंच मोडणारा. खरं रडणं असं दोनदा सारखं येत नाही. ही म्हणाली, "ते बंद करूक सांगा कोणी तरी." कोण सांगणार?

गडी सगळे चहाचे ग्लास हातात धरून खांबाकडे बघत होते. ज्या गाईला सुईच लागली नव्हती तिच्याकडे! ती सुजते का, पडते का. डॉक्टरीणबाई म्हशींच्या रांगेतून फिरत होती, तीही त्या टोकाला. एवढे डोळे एका बाजूला बघून मला राग आला. म्हटलं, मी बघणार नाही. मी खांबाकडे पाठ करून उभा राहिलो, दाराकडे तोंड करून, म्हणून माझी गाय माझ्यासमोर होती.

चहाचा दुसरा घोट घेतला असेल. तिच्या डोळ्याच्या पापण्या मला जाड दिसल्या. मला वाटलं, उजेडाचा फरक. मग ओठ. खालचा ओठ लोंबायला लागला, लाळेची तार जमिनीपर्यंत आली. आणि मानेपासून पोटापर्यंत अंगावर गांधी उठायला लागल्या. एक उठली, तिच्या शेजारी दुसरी, कातडीखाली कोणी बोटं सरकवत चाललं आहे तसं. केस उभे राहिले. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या गाईचं तोंड गेलं आणि त्या जागी दुसरंच कुठलंतरी तोंड आलं. फुगलेलं, डोळे मिटलेलं. ते माझ्याकडे वळलं.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही.

गाईनं एक हिसका दिला. खुंटा उपटून तिच्या दाव्याबरोबर आला. तिला दिसत नव्हतं, डोळे बंद झाले होते, तरी ती गल्लीतून चालत गेली. झोकांड्या खात, डाव्या उजव्या म्हशींना आपटत, मागं खुंटा खडखडत. एकाही म्हशीनं पाय उचलला नाही. खांबाची गाय, काळा दोरा बांधलेली, बाजूला सरकली. आणि माझी गाय खांबाला कपाळ लावून उभी राहिली, मग तिचे मागचे पाय गेले, मग पुढचे.

सगळे मागं पळाले. पुढं आला तो एकटा वाळलेला गडी. तो तिच्या तोंडासमोर वाकला आणि किंचाळला.

"हीच! हीच ती! हेच तोंड!"

"काय बोलतोस?" तबेलेवाला म्हणाला. "खांबाची तिकडं उभी आहे."

"ती आत्ताची खांबाची, सेठ! तेव्हाची ही! हे तोंड मी बघितलंय. हेच तोंड!"

कालपासून तो माझ्या गाईच्या बाजूनं दहा वेळा गेला असेल. तिला वैरण घातली होती. ओळखली नव्हती. तिचं साधं तोंड त्यानं कधी बघितलंच नव्हतं, सुजलेलं तेवढं बघितलं होतं. पावसात फरशी उखडून नवीन घातली, तेव्हा जनावरं हलवली. खांबाची गेली नळाला आणि नळाची झाली. मी घेतली आणि दाराची झाली. खांबाला दुसरी आली आणि तिच्या पायात दोरा पडला. सगळ्यांनी खांब लक्षात ठेवला, गाय कोणीच नाही. ती मात्र रोज संध्याकाळी आपल्या जागेवर जात होती, आणि मी तिला तिथून ओढत होतो.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा.

डॉक्टरीणबाई धावत आली. तिच्या ॲप्रनच्या खिशात एक काचेची छोटी कुपी आधीपासून तयार होती. कुपीची मान मोडली, औषध सुईत ओढलं, गाईच्या मानेत दिलं. लगेच दुसरं इंजेक्शन शिरेत. ओठ तिनं दाताखाली धरलेला होता.

"हिला आडवी पडू देऊ नका! छातीवर बसवा. पोती आणा, दोन्ही बाजूंना लावा. मान सरळ. आजोबा, डोकं धरा, नाक वर ठेवा. तिथं गर्दी नको, वारा येऊ द्या!"

एक गडी कुठून तरी बाटलीत गरम तूप-हळद घेऊन आला, तिच्या तोंडात ओतायला. बाईनं बाटलीसकट त्याला ढकललं.

"घशाखाली काही जाणार नाही! आतून गळा सुजलाय तिचा. ते फुप्फुसात गेलं तर तुझ्या तुपानंच मरेल."

मी शेणात बसून तिचं डोकं मांडीवर धरलं. केवढं जड झालं होतं ते. गरम. नाकाला हात लावला तर वारा लागायचा, मग लागायचा नाही. मी मनात म्हणत होतो, पिशव्या भरायला लागणार. दुसरं काही सुचत नव्हतं. ही समोर उभी होती, पदर तोंडात कोंबून. तबेल्यातली एकही साखळी वाजत नव्हती. सगळ्या म्हशींची तोंडं आमच्याकडे होती, चघळायची थांबलेली. भिंतीपलीकडे हंबरडा चालू होता आणि बंद होत होता.

मग भिंतीतल्या भगदाडावरचा पत्रा सरकवून एका माणसानं डोकं आत घातलं. गळ्यात मोठे हेडफोन.

"ओ, कोण रडतंय रे इकडे? सारखं आमच्या रेकॉर्डिंगमध्ये येतंय. जरा गप्प बसा ना यार, दहा मिनिटं!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कोणीच रडत नव्हतं. गाईच्या गळ्यातून तर श्वास निघत नव्हता, आवाज कुठून निघणार? तबेलेवाला म्हणाला, "इकडं कोणी रडत नाही भाई."

"अरे, ऐकू येतंय ना मला. बाईच्या मागनं दुसरं कोणीतरी. तिचं रडणं संपलं तरी ते चालूच राहतं." मग त्याला गाय दिसली, माझ्या मांडीवरचं ते तोंड दिसलं. तो मागं सरकला. त्यानंतर त्या दिवशी भिंतीपलीकडून रडणं आलं नाही.

बाई नाडीवर बोटं ठेवून होती. घड्याळाकडे बघून तिनं ती छोट्या कुपीतली सुई आणखी एकदा दिली. "आजोबा, बोलत राहा तिच्याशी."

"काय बोलू?"

"हाक मारा. नावानं."

नाव नव्हतं. मी नुसतं "ए बाय, ए बाय" म्हणत राहिलो, गावाला आई म्हणायची तसं.

आधी श्वासाची करवत बारीक झाली. मग गाईनं जीभ आत घेतली. ते बघून बाईनं ओठ दातातून सोडला. अंगावरच्या गांधी एकेक करून बसत गेल्या, चिखलातले पायाचे ठसे पाण्यानं भरत जातात तशा. एका डोळ्याची फट उघडली आणि त्यातून ती माझ्याकडे बघायला लागली. कुठून तरी एक साखळी वाजली, मग सगळ्या वाजल्या.

ऊन कललं तेव्हा ती आपली आपण उठली. खांबाला टेकून.

बाई दिवस मावळेपर्यंत गेली नाही. सूज काही वेळानं परत येऊ शकते, म्हणाली. ती खांबाजवळ उलट्या बादलीवर बसून चहा पीत राहिली. मला म्हणाली, "आजोबा, काही जनावरांच्या अंगाला लसीतलं काहीतरी सोसत नाही. आपल्याला एखाद्याला शेंगदाणे चालत नाहीत तसं. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी जोरात येतं. तिसऱ्या वेळी मी नसले तर हिला हात लावू द्यायचा नाही, कोणालाही. आणि नवीन जनावर तबेल्यात आलं तर ते हिच्यापासून लांब बांधायचं, पुढं हिला लसीचा आधार नसेल, खुरकूत लगेच लागेल."

"बरी होईल ना?"

"होईल. पण ही कोण आहे ते सगळ्यांना कळलं पाहिजे. कुठंही बांधली तरी."

ही म्हणाली, "आता खांबाची नी दाराची पुरे झाला."

दुसऱ्या दिवशी मी हार्डवेअरच्या दुकानातून लाल ऑइलपेंट आणला आणि तिचं उजवं शिंग मुळापासून टोकापर्यंत रंगवलं. एकच. दोन्ही रंगवली तर लोकांना सण वाटेल. तबेल्यात प्रत्येक गड्याला, नवा येईल त्यालाही, मी स्वतः दाखवतो. लाल शिंग म्हणजे सुई नाही, डॉक्टरीणबाईला विचारल्याशिवाय नाही. आता गडी तिला लाल शिंगाची म्हणतात. त्या वाळलेल्या गड्यानं दुसऱ्या गाईच्या पायातला काळा दोरा स्वतः कापला. आता तो धार काढायला बसण्याआधी प्रत्येक जनावराच्या तोंडाकडे बघतो. बाकीचे त्याची चेष्टा करतात, "काय भाऊ, लग्नाला मुलगी बघतोस काय?" तो ऐकत नाही.

मुलाचा फोन आला होता. आमच्या हिनं त्याला सगळं सांगून टाकलं होतं.

"बाबा, बस झालं आता. विकून टाका ती गाय."

"आजारी माणसाला विकतोस का तू?"

"ती गाय आहे."

"मला माहीत आहे ती कोण आहे ते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. रिकामी खोली अजून रिकामीच आहे.

देवळाशी लोक विचारतात, आजोबा, एकच शिंग का? काही व्रत आहे का? मी सांगतो, तिला सुई चालत नाही. शाळेतली ती बाई ऐकून हसली नाही. ती आता जुडी भरवताना त्या लाल शिंगाला हात लावते.

संध्याकाळी तबेल्याच्या दारात मी दावं खाली टाकतो आणि नळावर पाय धुवायला जातो. ती गल्लीतून सावकाश मागं जाते. मी खुंटा तिकडेच ठोकला आहे. तिथली दुसरी गाय दाराशी आली. पण एक गोष्ट बदलली नाही. खांबाशी आता कोणी दुसरं नसतं, जागा तिचीच, तरी ती मधोमध उभी राहत नाही. एका अंगाला सरकते, दावं ताणून, मान वाकडी होईपर्यंत. शेजारी कोणासाठी तरी जागा सोडल्यासारखी. मी तिच्या बाजूनं जाऊन वैरण टाकतो. त्या मोकळ्या जागेवर पाय देत नाही.